पिवळे मणी

मंगळावर एक वस्ती होती. खरं तर ती अजून वसायची आहे. पण तिच्या टाक्यांत जे जीव पोसले जात होते ते आज पृथ्वीवर आहेत, त्यांची भूक आणि त्यांच्या खोडी माणसाला ठाऊक आहेत. तेव्हा गोष्ट घडून गेली असं धरूनच सांगतो.

वस्ती लहानशी होती. घरं अर्धी जमिनीत, वर लाल मातीचा जाड थर. विटाही तिथल्याच मातीच्या. मातीत गवारीचा डिंक, युरिया आणि किंचित निकेल क्लोराइड मिसळायचं आणि त्यात एक जंतू सोडायचा. जंतू चुनखडी तयार करतो, मातीचे कण एकमेकांना धरून बसतात आणि भट्टी न लावता वीट होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि इस्रोतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मंगळाच्या मातीची नक्कल वापरून अशा विटा पाडून दाखवल्या होत्या.

बाहेर हवा होती, पण ती माणसाच्या कामाची नव्हती. दाब पृथ्वीवरच्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन तीन टक्क्यांच्याही आत. थंडी सरासरी उणे ६० अंशांच्या आसपास. ऊन आपल्याकडच्या निम्म्याहून कमी. पृथ्वीवरून जहाज यायचं ते २६ महिन्यांतून एकदा, कारण दोन्ही ग्रह सोयीच्या जागी तेवढ्या काळाने येतात. काही विसरलं, काही संपलं, तर पुढच्या जहाजाची वाट बघायची. म्हणून वस्तीने माल बेताचा आणला होता आणि विरजणं मात्र भरपूर आणली होती. विटांचं विरजण, खताचं विरजण, पाणी शुद्ध करायचं विरजण. एक कुपी वितळवायची, टाकीत सोडायची, तिच्या हजार कुप्या होऊ द्यायच्या.

या टाक्यांची राखण एका म्हातारीकडे होती. तिला सगळे आजी म्हणत. ज्यांना दुसरा मराठी शब्द येत नव्हता तेही आजीच म्हणत. तिचं माहेर कोरडवाहू मुलखातलं. लहानपणी पेरणीच्या आदल्या दिवशी ती वडलांबरोबर ओसरीवर बसून ज्वारीच्या बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टरची पावडर चोळायची. जंतूंशी तिची पहिली ओळख तिथली.

आजीची मुख्य टाकी होती माती धुतलेल्या पाण्याची. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचा क्षार असतो. फिनिक्स यानाने २००८ मध्ये तो ओळखला. प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण तेवढा पुरतो. पोटात गेला की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेता येत नाही. म्हणून भाजी लावण्याआधी माती धुवावी लागे, आणि धुतलेलं पाणी टाकून देणं परवडत नसे. आजीच्या टाकीतले जंतू त्या क्षारावर श्वास घेत. आपल्याला प्राणवायू, तसं त्यांना परक्लोरेट. त्यांनी ते ओढलं की मागे साधं क्लोराइड उरे. टाकी काळपट होती, झाकण उचललं की वास यायचा. पृथ्वीवरच्या लोकांसाठी वस्तीचं चित्रण व्हायचं तेव्हा कॅमेरा त्या बाजूला वळत नसे.

एका जहाजाने एक मुलगी आली. हुशार, कामसू, बोलायला मोकळी. तिने बर्फात जपून कुप्या आणल्या होत्या. त्या कुप्यांत एक निळी-हिरवी पेशी होती. ही जात उजेड आणि कार्बन डायऑक्साइड यांवर जगते. पाणी खारट झालं तर आपल्यातलं पाणी निसटू नये म्हणून ती पोटात साखर साठवते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तिच्यात ई. कोलाय या जंतूचं एक जनुक बसवलं आणि पेशीच्या भिंतीला साखरेसाठी दार पाडलं. साठवलेली साखर आता बाहेर पाण्यात सुटू लागली. मुलीने आणलेल्या जातीचं दार आणखी मोठं होतं. ती दहातले आठ वाटे बाहेर सोडायची आणि दोन स्वतःला ठेवायची.

साखर चहासाठी नव्हती. ती यीस्टला घालायची, आणि यीस्ट त्यावर गाजरातला नारिंगी रंग बनवायचं, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व करतं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या डब्यात पडून पडून निकामी होत जातात, म्हणून ताजं बनवायची ही युक्ती. नासाने असं यीस्ट २०१९ मध्येच अंतराळस्थानकावर पाठवून पाहिलं होतं.

मुलीने उंच काचेच्या नळकांड्यांची टाकी उभी केली, दिवे लावले, कुपी सोडली. आठवड्यात पाणी हिरवं झालं. पंधरवड्यात साखर मोजता येऊ लागली. महिन्याने ताटात पहिल्यांदा नारिंगी पेज आली आणि लोकांनी ती बोटाने पुसून खाल्ली. वस्तीचा कारभारी खूश झाला. त्याने आजीच्या बाजूचे काही दिवे काढून मुलीला दिले.

त्या संध्याकाळी आजी काचेजवळ येऊन उभी राहिली.

“छान आहे गं,” ती म्हणाली. “पण तिला काय मिळतं?”

“कोणाला, आजी?”

“साखर देते तिला.”

मुलगी हसली. “तिला काय मिळायचंय? तिला तसं बनवलंय.”

आजी बरं म्हणाली आणि आपल्या काळ्या टाकीकडे गेली.

दिवस चांगले होते, म्हणून कारभाऱ्याच्या मनात दया आली. हिरव्या टाकीतून प्राणवायू भरपूर निघत होता. थोडा त्या काळ्या टाकीतही सोडा, त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय, असं त्याने सांगितलं. एका पोराने नळी जोडली. तीन दिवसांनी धुतलेल्या पाण्यातलं परक्लोरेट जसंच्या तसं राहू लागलं. जंतू मेले नव्हते, उलट मजेत होते. प्राणवायू आयता मिळाल्यावर क्षाराकडे कोण बघतो? आजीने नळी उपसली, झाकण घट्ट बसवलं आणि पोराला म्हणाली, “बाळा, यांचा श्वास तेच यांचं काम आहे. सुख देऊ नकोस त्यांना.” टाकीतला प्राणवायू संपला आणि काम पुन्हा सुरू झालं. मुलीने हे पाहिलं, पण तेव्हा तिला त्यात आपल्या कामाचं काही दिसलं नाही.

पुढे एक विचित्र गोष्ट होऊ लागली. साखर कमी पडू लागली. टाकी काही आजारी दिसत नव्हती. रंग पूर्वीपेक्षा गर्द होता, पेशी पूर्वीपेक्षा दाट. मुलीने दिवे तपासले, मीठ तपासलं, नळ्या धुतल्या. साखर घटतच राहिली, आणि एके दिवशी साखर तपासायची पट्टी पाण्यात बुडवली तर तिचा रंगच बदलला नाही. हिरवीगार टाकी, आणि साखरेचा कण नाही.

तिने टाकी रिकामी करून दुसरी कुपी सोडली. पुन्हा महिना-दोन महिने चांगले गेले, पुन्हा तेच. तिसरी सोडली. त्या वेळी ती रात्र रात्र सूक्ष्मदर्शकापाशी बसली, आणि जे तिने पुस्तकात वाचलं होतं ते डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. कोट्यवधी पेशी दुभंगत होत्या. नक्कल करताना एखादीच्या हातून चूक होत होती, आणि कधी ती चूक नेमकी त्या दाराच्या जनुकात पडत होती. दार बिघडायचं, साखर आतच राहायची. अशा पेशीला दहाच्या दहा वाटे मिळायचे. ती शेजारणीपेक्षा लवकर मोठी व्हायची, लवकर दुभंगायची, तिच्या लेकीही तशाच. देणाऱ्या पेशी दोन वाट्यांवर रांगत होत्या. कोणी कोणाला मारलं नव्हतं. देणाऱ्यांची संख्या फक्त कमी कमी होत गेली, आणि शेवटी टाकीत न देणाऱ्याच उरल्या. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत टाक्या थोडे आठवडे चालवून धुऊन ठेवत, म्हणून तिथे याचा फटका फारसा बसला नव्हता.

कुप्या आता थोड्याच राहिल्या होत्या, आणि जहाज लांब होतं.

कारभाऱ्याने सगळ्यांना बोलावलं. एकजण म्हणाला हिशोब चुकला. दुसरा म्हणाला टाकी बंद करा, दिवे भाजीला द्या. मुलगी खाली मान घालून बसली होती. तेव्हा आजीने काचेच्या घराची गोष्ट सांगितली. ती खरी घडलेली आहे.

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, काचेचं मोठं घर बांधलं होतं. बायोस्फिअर २ त्याचं नाव. १९९१ च्या सप्टेंबरात आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षांसाठी दार लावून घेतलं. आत शेत होतं, रान होतं, लहानसा समुद्रही होता. काय किती पिकेल, कोण किती खाईल, सगळं आधी मांडून पाहिलं होतं. पण हवेतला प्राणवायू घसरू लागला. २१ टक्क्यांच्या जवळपास असायचा तो सव्वा वर्षात साडेचौदा टक्क्यांपर्यंत आला. माणसांना जिना चढवेना, रात्री झोप लागेना. शेवटी १९९३ च्या जानेवारीत बाहेरून प्राणवायू आत सोडावा लागला. शोध घेतल्यावर कळलं की पिकं जोमाने यावीत म्हणून आत कसदार, खतावलेली माती भरली होती, आणि त्या मातीतले जंतू पोटभर खात होते आणि प्राणवायू ओढत होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड भिंतींच्या काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे प्राणवायू जातो कुठे याचा बरेच दिवस उलगडाच झाला नाही.

“त्या जंतूंनी वाकडं काही केलं नव्हतं,” आजी म्हणाली. “ते आपले जगत होते. हिशोब माणसांनी मांडला होता, आणि त्यात त्यांच्या जेवणाची ओळच नव्हती. पोरीच्या पेशीचंही तेच आहे. तिला थोडा वेळ द्या.”

वेळ मिळाला. दिवे निम्मे झाले.

आपल्याकडे श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगतात. राजाने गावातलं सगळं दूध देवळात ओतायला लावलं, तरी गाभारा भरला नाही. लेकरावासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन एक म्हातारी आली, आणि तो भरला. आजीला ती कहाणी अर्थातच माहीत होती. तिने मुलीला सांगितलं, आठ वाटे घेऊ नकोस. मुलीने पाण्यातलं मीठ कमी केलं. खारटपणा कमी, तशी साखरही कमी. पेशीला आता अर्ध्याहून जास्त स्वतःपाशी राहू लागलं. टाकी पूर्वीपेक्षा बरीच जास्त टिकली, पण टिकली एवढंच. न देणारीला अजूनही थोडं जास्त मिळत होतं, आणि थोडं जास्तही पुष्कळ पिढ्यांत खूप होतं. साखर सावकाश घटली, तरी घटलीच.

मग एके दिवशी मुलगी काम टाकून आजीच्या शेजारी येऊन बसली. आजी एका छोट्या हिरव्या बाटलीतला थेंब काचेवर घेत होती. खतासाठी ती अ‍ॅनाबीना नावाचं शेवाळ वाढवत असे. हवेतला नायट्रोजन धरून तो खतासारखा वापरता येईल असं रूप देणारी ही जात. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात २०२१ मध्ये ती पृथ्वीच्या एक दशांश दाबाच्या, बहुतेक नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढवून दाखवली होती.

“बघ,” आजी म्हणाली.

मुलीने डोळा लावला. पेशींचा लांब धागा दिसत होता, एकीला एक चिकटून. बहुतेक पेशी हिरव्या, सारख्या. पण दहा-पंधरा पेशींनंतर एखादी वेगळी होती, जरा मोठी, फिकट, जाड भिंतीची.

“ही नायट्रोजन धरते,” आजी म्हणाली. “ते काम प्राणवायू असला की बिघडतं, म्हणून हिने भिंत जाड केलीय आणि प्राणवायू बनवणं सोडून दिलंय. म्हणजे स्वतःचं अन्न रांधणं सोडलंय. ही आता कधी दुभंगणार नाही, हिला लेकी व्हायच्या नाहीत. तरी उपाशी नाही. दोन्ही बाजूच्या हिला साखर देतात, ही त्यांना नायट्रोजन देते. आणि त्या हिच्या सख्ख्या बहिणीच. त्या वाढल्या म्हणजे हीच वाढली.”

“माझ्या टाकीत असं का होत नाही?”

“तुझ्या टाकीत पंपाने पाणी घुसळतेस तू. आज हिच्या बाजूला ती, उद्या तिसरीच. दिलेली साखर जाते कुठे, देणारीला पत्ता नाही. ज्या देत नाहीत त्याही त्याच पाण्यात. तिथे कोणाला शेजारच नाही, पोरी.”

मुलगी बराच वेळ काचेतून डोळा काढेना. मग तिने विचारलं, “आजी, तुमच्याकडे अ‍ॅझोटोबॅक्टर आहे ना?”

होता. तोही हवेतला नायट्रोजन धरतो, पण फार खादाड. पुष्कळ साखर लागते त्याला. त्याची एक बदललेली जात आजीकडे होती, ती धरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पाझरू द्यायची. साखर देणारी पेशी आणि अमोनिया देणारा जंतू, दोघांना एका जागी कोंडलं तर? पाण्यात नायट्रोजनचं खत घालायचंच नाही. पेशीने साखर दिली तर जंतू जगेल, जंतू जगला तर पेशीला नायट्रोजन मिळेल. अशी जोडी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत एकत्र वाढवलेली होती. पण घुसळत्या पाण्यात ठेवून भागणार नव्हतं. न देणाऱ्या तिथेही दुसऱ्याच्या जिवावर जगल्या असत्या. प्रत्येक जोडीला तिचं तिचं घर हवं होतं.

समुद्री शेवाळापासून काढलेलं एक पीठ असतं, अल्जिनेट. ते पाण्यात कालवून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडलं की थेंब तिथल्या तिथे आळतो आणि मणी होतो. पीठ वस्तीत होतं, जखमांच्या पट्ट्यांसाठी आणलेलं. कॅल्शियमचं पाणी कुठून आणायचं? मुलगी उठली आणि आजीच्या काळ्या टाकीची खालची तोटी उघडली. मंगळाच्या मातीतल्या परक्लोरेटमध्ये कॅल्शियम असतं. जंतूंनी परक्लोरेट ओढून घेतल्यावर मागे राहतं ते कॅल्शियम क्लोराइड. इतके दिवस ते पाणी आटवून मिठाचे खडे कोपऱ्यात टाकत होते.

पहिले मणी वाया गेले. फार मोठे झाले होते, आतपर्यंत उजेड पोचला नाही. मग तिने बारीक सुई घेतली. सुईच्या टोकाशी थेंब लोंबायचा, फुगायचा, सुटायचा. पाण्याला लागताना तो किंचित चपटा व्हायचा आणि बुडता बुडता गोल होऊन तळाशी बसायचा. साबुदाण्याएवढे मणी. प्रत्येकात सुरुवातीला मोजक्या पेशी आणि मोजके जंतू. उथळ ताटल्यांत ते पसरले आणि ताटल्या दिव्यांखाली ठेवल्या.

दोन आठवड्यांनी बहुतेक मणी हिरवे झाले. काही पिवळे पडले.

निळ्या-हिरव्या पेशींना नायट्रोजन मिळाला नाही की त्या आपल्यातला रंग मोडून खातात आणि पिवळ्या पडतात. ज्या मण्यात साखर देणं थांबलं होतं, तिथला जंतू उपाशी राहिला होता. जंतू उपाशी, म्हणून नायट्रोजन नाही, आणि म्हणून मणी पिवळा. कधी उलटं व्हायचं. पेशी साखर द्यायची, जंतू अमोनिया पाझरू द्यायचा नाही. तरीही मणी पिवळाच. कोणी हात आखडला ते बाहेरून कळत नसे, पण आखडला हे मात्र ताटलीत उघड दिसे. टाकीत जी चूक महिनोन्‌महिने लपून राहिली होती ती आता चिमट्याने उचलता येत होती.

मुलीने पिवळे मणी वेचून काढले. हिरव्यांतले काही विरघळवले, त्यांचंच विरजण करून नवे मणी पाडले. पुन्हा पिवळे वेचले. हे काम संपणारं नव्हतं. जेवणं झाली की दोन-चार जण ताटल्या घेऊन बसू लागले, आणि तांदूळ निवडावे तसे गप्पा मारत मणी निवडू लागले. कारभारीही कधी कधी बसायचा. त्याला बारीक दिसत नसे, तो हिरवेही उचलायचा, आणि पोरं ते हळूच परत टाकायची.

साखर पहिल्या टाकीच्या निम्मीही नव्हती. जंतूचा वाटा मोठा होता, तो द्यावाच लागे. नारिंगी पेज रोज मिळेना, आठवड्यातून दोनदा मिळू लागली. पण हिवाळा गेला, धुळीचं वादळ येऊन गेलं, त्या काळात दिवे आणखी कमी झाले, तरी ती दोनदा मिळतच राहिली.

इथे गोष्ट जरा बाजूला ठेवून बोलतो. त्या पहिल्या टाकीतल्या पेशी वाईट नव्हत्या, आणि मण्यातल्या काही साधुसंत झाल्या नव्हत्या. पेशी त्याच होत्या. टाकीत देणारीचं दान सगळ्या पाण्यात विरून जायचं आणि तिच्यापाशी परत काही यायचं नाही, म्हणून देणं हा तिचा तोटा होता. मण्यात ते भिंतीपलीकडच्या जंतूच्या पोटातून फिरून तिच्याकडेच यायचं. मुलीने पेशीचा स्वभाव बदलायचे जेवढे प्रयत्न केले ते पेशीने हळूहळू पुसून टाकले. तिचं घर बदललं तेव्हा मात्र पुसणारीला पुढे पसरता आलं नाही. नव्या ग्रहावर जीव नेताना माणसं बहुधा विचारतात की हा आपल्याला काय देईल. आजीने पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं ते वेगळं होतं. मला वाटतं, हा प्रश्न माणसांच्या वस्तीलाही लागू पडतो, आणि त्यासाठी मंगळावर जायची गरज नाही.

पुढच्या जहाजासाठी मागणीची यादी करायची वेळ आली. कारभाऱ्याने सवयीने ‘साखरेच्या कुप्या’ असं लिहिलं आणि किती म्हणून मुलीकडे पाहिलं. तिने ती ओळ खोडायला सांगितली. त्या जागी लिहिलं अल्जिनेटचं पीठ दोन पोती, बारीक सुया, बोथट टोकाचे चिमटे दोन डझन. आजीने शेवटी यादीत कारभाऱ्यासाठी एक चष्मा घालायला लावला.